कोजागिरीला गच्चीवर जुने नाच दाखवायचे आहेत, काय लावू?

नंदिनी_धरमपेठ

मंडळी, आमच्या सोसायटीत कोजागिरीला दरवर्षी अंताक्षरी आणि तंबोला होतो. यंदा मीटिंगमध्ये मी बोलून बसले की गच्चीवर पडदा लावून जुन्या सिनेमांतले नाच दाखवू. आता निस्तरायचं मलाच आहे. वेळ दीड ते दोन तास. हिंदी, मराठी, हॉलिवूड, काहीही चालेल. अट एकच: नाच हा नाच म्हणून बघण्यासारखा हवा. नुसतं गाणं चांगलं आहे म्हणून नको, ते कानाने होतंच.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला भांडायला सोपं. जुना नाच मी पन्नासदा बघू शकते, कारण त्यात नाचणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि बराच वेळ दिसतो. हल्ली आधी कंबर दिसते, मग डोळे, मग आकाशातून ड्रोन, मग पुन्हा कंबर. नाचलं नक्की कोण, हे त्या एडिटरलाच ठाऊक.

तर्रीवाला

पहिला प्रतिसाद माझा. आटीव दूध किती वाजता आहे?

वऱ्हाडी_ठसका

'अलबेला' लावा राजेहो, बाकी काई इचारू नका. 1951 चा. भगवानदादा जन्माचे आपल्या अमरावतीचे. अन् संगीत देनारे सी. रामचंद्र गानं शिकले ते आपल्या नागपुरात, शंकरराव सप्रेंजवळ. मंग 'शोला जो भडके'वर हक्क कोनाचा? मुंबईवाल्यायचा? काई संबंध नाई! कोजागिरीले 'अलबेला' नसन तं दूध नासन, सांगून ठेवतो.

रामदासपेठकर

नंदिनीताई, तुम्ही जे म्हणताय ना, त्यासाठी हॉलिवूडचा नट-नर्तक फ्रेड अस्टेअर स्टुडिओशी भांडायचा. त्याचा आग्रहच होता की कॅमेऱ्याने अख्खं शरीर दाखवायचं, मध्येच चेहऱ्यावर किंवा पायांवर जायचं नाही, आणि कापाकापी जितकी कमी तितकी बरी. म्हणून 'टॉप हॅट' (1935) किंवा 'स्विंग टाइम' (1936) मध्ये तो आणि जिंजर रॉजर्स नाचतात तेव्हा लपायला जागाच नसते. एक पाऊल चुकलं की सगळा शॉट पहिल्यापासून.

तुमच्या कार्यक्रमासाठी माझी एकच शिफारस. 'रॉयल वेडिंग' (1951) मधला त्याचा भिंतीवरून छतावर चढत जाणारा नाच. लहान मुलांना नक्की आवडेल. अख्खी खोलीच एका मोठ्या फिरत्या पिंपात बसवली होती. सगळं सामान जमिनीला ठोकलेलं, आणि कॅमेरा व कॅमेरामन खोलीबरोबर गोल फिरणारे. त्यामुळे पडद्यावर खोली स्थिर वाटते आणि माणूस भिंत चढतो. प्रत्यक्षात तो कायम खालच्याच बाजूला असतो. हे कळल्यावर पुन्हा बघा. खोली फिरायला लागते त्या क्षणी तो ज्या सहजपणे एका पायावरून दुसऱ्यावर येतो, ते बघताना मला आजही हसू फुटतं.

आणि योगायोग बघा, हाही 1951 चाच. अस्टेअर आणि भगवानदादा एकाच वर्षी पडद्यावर.

वऱ्हाडी_ठसका

@रामदासपेठकर, खोली फिरवून तं कोनीबी नाचन. दादा सपाट जमिनीवर नाचत होते!

मी_स्पष्टच

नंदिनीताई, सपशेल असहमत.

एक, जुन्या सिनेमांत टुकार नाच खंडीभर होते. बागेत हिरो-हिरॉइन झाडामागून डोकावतात आणि मागे वीस मुली हात वर-खाली करतात. ते आपण विसरलो. जे चांगलं होतं तेवढं गाळून उरलं आणि आता त्यालाच 'जुना काळ' म्हणायचं.

दोन, 'अख्खं शरीर दिसलं पाहिजे' ही कसोटी तुमच्याच जुन्या काळाला लागू होत नाही. हॉलिवूडमध्ये नाच बसवणाऱ्या बसबी बर्कलीचा '42nd स्ट्रीट' (1933) बघा. त्याला कुणाच्या पदन्यासाशी देणंघेणं नव्हतं. कॅमेरा छताला टांगायचा आणि खाली मुलींची रांगोळी काढायची. त्यात एकेकटी मुलगी नाचते असं म्हणताच येत नाही, तरी डोळे विस्फारतात. 'गाइड'मधलं (1965) 'पिया तोसे नैना लागे रे' घ्या. कडव्याकडव्याला वेश बदलतो, मंच बदलतो, सगळी करामत जोडणीची. मग काय, वहिदा नाचली नाही म्हणायचं?

तीन, 'नाटू नाटू'. दोन माणसं, अख्खी दिसतात, पायांसकट. 2022 चा सिनेमा आहे, 1952 चा नाही.

नंदिनी_धरमपेठ

@मी_स्पष्टच, 'नाटू नाटू' माझ्याच बाजूचा पुरावा आहे हो! तो जगभर चालला आणि ऑस्करला गेला तो पाय दिसले म्हणूनच. बर्कलीबद्दल मात्र विचार करते.

कथक_विद्यार्थिनी

मी सहा-सात वर्षं कथक शिकतेय (सीताबर्डीवरून रोज क्लासला जाते, ट्रॅफिकचं रडगाणं दुसऱ्या धाग्यावर), म्हणून थोडं लांबड लावते.

'वहिदा नाचली नाही म्हणायचं का' याचं उत्तर 'गाइड'मध्येच आहे. त्यातला सापाचा नाच बघा. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसतं वाद्य. आधी ती गारुड्यांच्या वस्तीत दुसरीचा नाच बघत बसलेली असते आणि हळूहळू तिच्या अंगात यायला लागतं. रोझीने किती वर्षं पाय बांधून ठेवले होते, हे कुठल्याही संवादाशिवाय कळतं. नाच गोष्ट पुढे नेतो, तो असा. वहिदा भरतनाट्यम शिकलेली होती. पण इथे ती शिकलेलं दाखवत नाही, अंगात साठलेलं बाहेर काढते.

आता भगवानदादा. आमच्या क्लासमध्ये हे नाव काढलं तर मला बाहेर उभं करतील, तरी बोलते. दादा जवळजवळ हलतच नाहीत! गुडघे सैल, कोपरं दुमडलेली, पाय जमिनीवरून जेमतेम उचललेले, आणि सगळा ठेका खांद्यात आणि मनगटात. समोर गीता बाली नुसती उसळत असते. तिच्यामुळे त्यांचं न हलणं आणखी उठून दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, 'एवढं तर मलाही येईल'. म्हणूनच आजही वरातीत अर्धे पुरुष तेच करतात. अमिताभने ती शैली उचलली आणि मग ती अख्ख्या देशाची झाली.

म्हणजे अस्टेअर बघून 'हे मला जन्मात जमणार नाही' असा आनंद होतो आणि दादांना बघून 'चल, उठ' असा. तुमच्या गच्चीवर मला दुसरा आनंद जास्त उपयोगाचा वाटतो.

तर्रीवाला

वरातीतल्या अर्ध्या पुरुषांपैकी एक हजर आहे.

सदर_बाजार

'सिंगिंग इन द रेन' (1952) राहिलाच की! पावसातलं ते गाणं. आमच्या वडिलांनी सांगितलं होतं की पाऊस कॅमेऱ्यात दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं. कोजागिरीला याहून योग्य काय?

रामदासपेठकर

@सदर_बाजार, ती दुधाची गोष्ट जगभर फिरते, पण दंतकथा आहे. पाऊस दिसतो तो मागून सोडलेल्या उजेडामुळे. थेंबांच्या पाठीमागे दिवा असला की ते चमकतात, समोरून टाकला की गायब.

खरी गोष्ट जास्त भारी आहे. पावसात नाचणाऱ्या जीन केलीला तेव्हा 103 ताप होता असं सांगतात. आणि त्याच सिनेमातली डेबी रेनॉल्ड्स 19 वर्षांची, नाचाचं शिक्षण जवळपास शून्य, जिम्नॅस्टिक्स केलेली. 'गुड मॉर्निंग'चं शूटिंग दिवसभर चाललं आणि शेवटी तिच्या पायांतून रक्त आलं. पडद्यावर तिघं सोफ्यावरून उलटतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही.

मी_स्पष्टच

रक्त आलं म्हणून नाच चांगला होत नाही. हे 'किती कष्ट घेतले' कौतुक मला कधीच पटलं नाही. कष्ट दिसले तर नाच फसला, नाही दिसले तर आपल्याला काय करायचंय?

महालचे_आजोबा

या धाग्यावर माझा हक्क आहे, कारण मी हे नाच काचेमागून पाहिले आहेत. नागपुरात एका टॉकीजच्या मशीन रूममध्ये माझी बरीच वर्षं गेली. टॉकीज आता नाही, जागेवर दुकानं आहेत. नाव सांगत नाही, मालकांच्या घरातली मंडळी अजून शहरात आहेत.

तुम्ही पायांबद्दल बोलताय म्हणून एक गोष्ट सांगतो. 35 मिमीच्या फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी-शेजारी छापलेले नसतात. आवाज चित्राच्या साधारण 20 फ्रेम पुढे असतो, कारण मशीनमध्ये आवाज वाचणारं डोकं चित्राच्या खिडकीच्या खाली असतं. फिल्म खिडकीत झटक्या-झटक्याने उतरते, आवाजाच्या डोक्यावर मात्र ती सरळ वाहायला हवी. म्हणून मध्ये एक झोळ ठेवायचा, त्याला आम्ही लूप म्हणायचो. हा झोळ बोटाच्या अंदाजाने ठेवायचा असतो. चार फ्रेम मोठा झाला की आवाज सेकंदाच्या सहाव्या हिश्शाने मागे पडतो.

बोलण्याच्या सीनमध्ये हे पब्लिकला कळत नाही. पण 'झनक झनक पायल बाजे'त गोपीकृष्णचा पाय पडतो आणि घुंगरू नंतर वाजतात, तेव्हा पुढच्या बाकड्यांवरून अशी शिवी यायची की विचारू नका. नाचाचं रीळ आलं की मी आधी काच पुसायचो आणि मग लूप मोजायचो. बाकीच्या रिळांना एवढी भक्ती नव्हती.

वन्स मोअर व्हायचे. चार मिनिटांचं गाणं म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे फूट फिल्म. मालक खुशीत असले तर रीळ संपल्यावर गुंडाळून गाणं पुन्हा लावायचं, नाही तर पब्लिकचं ओरडणं ऐकत बसायचं. पडद्यावर चिल्लर फेकायचे ते खरं आहे. शो संपल्यावर ती कोण वेचायचं, हे सांगत नाही.

वऱ्हाडी_ठसका

आजोबा, दंडवत! तुमच्यासाठी येगळा धागा काढाले पायजे.

कथक_विद्यार्थिनी

आजोबा, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या गुरुजींची बोलणी आणि पुढच्या बाकड्यांची शिवी यांत फरक फक्त शब्दांचा.

गोकुळपेठ_गृहिणी

'झनक झनक'चा विषय निघालाच आहे तर आमच्या सासूबाईंचं मत नोंदवते. संध्याबाई पडद्यावर आल्या की त्या म्हणतात, "ही नाचत नाही, कवायत करते." आणि पुढचा अर्धा तास उठत मात्र नाहीत. 'नवरंग'मधली (1959) ती होळी, एका बाजूने बाई, दुसऱ्या बाजूने मुखवटा लावलेला पुरुष, तिथे तर पदराने डोळे पुसत बघतात.

सदर_बाजार

शांतारामबापूंना कवायत म्हणणाऱ्यांचा निषेध! संध्याबाईंनी 'झनक झनक'साठी गोपीकृष्णांकडूनच धडे घेतले. जी बाई नर्तकी नाही तिने पट्टीच्या नर्तकासमोर अख्खा सिनेमा उभं राहायचं, हे सोपं आहे का?

मी_स्पष्टच

परत कष्ट! :)

सासूबाईंच्या बाजूने आहे. त्यांना गच्चीवर माइक द्या.

खडी_गंमत

मुखवट्यावरून आठवलं. 'मुगल-ए-आझम'मधल्या (1960) 'प्यार किया तो डरना क्या'त लांबून घेतलेल्या काही गिरक्या मधुबालेच्या नाहीत. तिचा मुखवटा घातलेला एक पुरुष नर्तक त्या घेतो. नाच बसवला होता लच्छू महाराजांनी. मग नंदिनीताईंच्या 'डोक्यापासून पायापर्यंत'चं काय करायचं? डोकं एकाचं, पाय दुसऱ्याचे!

मला स्वतःला त्यात काही खटकत नाही. मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडचं लोकनाट्य, खडी गंमत, बघत मोठा झालो. नाच्या पुरुषच असायचा, सगळ्या गावाला माहीत असायचं की तो कुणाचा पोरगा आहे, आणि लुगडं नेसून ढोलकीवर उभा राहिला की पाच मिनिटांत कुणाला ते आठवत नसे. दिवसा तो आमच्या शेजारच्या धुऱ्यावर बैल हाकायचा. रात्री एक हात कमरेवर ठेवून तो नुसता मान वळवून बघायचा आणि लोक पैसे काढायचे.

शीशमहालात आरशाआरशांत मधुबाला दिसते तेव्हा मला तो आठवतो. तुमच्या यादीत एक लावणी असू द्या. 'सांगत्ये ऐका'मधली (1959) 'बुगडी माझी सांडली गं'. जयश्रीबाई गडकर तिथे अदा करतात, उड्या नाही मारत. पण बघणाऱ्याची नजर कुठे न्यायची हे त्यांना कॅमेऱ्यापेक्षा जास्त कळतं.

नंदिनी_धरमपेठ

@खडी_गंमत, मुखवट्याचं माहीत नव्हतं. आज पुन्हा बघितलं. फसवणूक झाली असं काही वाटलं नाही, उलट तो माणूस कोण असेल, सेटवर मधुबाला बाजूला बसून त्याच्याकडे बघत असेल का, हेच डोक्यात. बुगडी यादीत.

सीए_पण_रसिक

दोन नावं सुचवतो आणि पळतो, रिटर्न्स भरायचेत.

'गुमनाम' (1965), 'जान पहचान हो'. लक्ष्मी छाया डोळ्यांवर मुखवटा लावून मान अशी झटकते की बघणाऱ्याला स्पॉन्डिलायटिस व्हावा. माइकपाशी गायक म्हणून उभा आहे तो हरमन बेंजामिन, नाच त्यानेच बसवलाय. दिग्दर्शक आपले राजा नवाथे. पुढे 2001 मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' नावाच्या अमेरिकन सिनेमाची सुरुवातच या नाचाने झाली, तेव्हा तिकडच्या लोकांना शोध लागला की असं काही आपल्याकडे होतं.

दुसरं 'ज्वेल थीफ' (1967), 'होठों में ऐसी बात'. वैजयंतीमाला. विजय आनंदचा कॅमेरा तिच्यामागे धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. इथे कॅमेराही नाचतो आणि तीही नाचते, कुणी कुणाचं झाकत नाही. नंदिनीताई आणि स्पष्टचसाहेब, दोघांचाही वाद इथे मिटावा.

मी_स्पष्टच

मिटला. 'ज्वेल थीफ'पुढे मी गप्प. (फक्त या प्रतिसादापुरता.)

रामदासपेठकर

एक राहिलं, आणि हे राहून चालणार नाही. निकोलस बंधू, फयार्ड आणि हॅरोल्ड. 'स्टॉर्मी वेदर' (1943). टेबलांवरून उड्या मारत येतात आणि मग भल्यामोठ्या पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यावरून उडी मारत, दर पायरीला दोन्ही पाय फाकवून सपाट बसत खाली येतात. आणि हात न टेकता उठतात! पाहिल्यावर पहिला विचार गुडघ्यांचा येतो.

त्यांच्यासारख्या काळ्या कलाकारांचे नाच बऱ्याच सिनेमांत कथेपासून मुद्दाम सुटे ठेवले जायचे. कारण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या टॉकीजमध्ये तेवढा भाग कापून सिनेमा दाखवता यायचा. 'स्टॉर्मी वेदर'मध्ये सगळे कलाकार काळेच, त्यामुळे तिथे कात्री चालवायला जागा नव्हती. माझ्या भाच्याला हे दाखवलं तेव्हा त्याने विचारलं, "हे एआयने केलंय का?"

तर्रीवाला

रामदासपेठकर, हे आत्ताच पाहिलं. मी खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवतो.

सदर_बाजार

अवांतर: 'अलबेला'ची गीता बाली पुढे शम्मी कपूरची बायको झाली. 'तीसरी मंझिल'चं काम चालू असताना 1965 च्या जानेवारीत ती गेली, शूटिंग थांबलं. नंतर तो परत आला आणि सिनेमा पूर्ण केला. 'ओ हसीना जुल्फोंवाली' लावाल तेव्हा यातलं काही सांगू नका, लोकांना मजा करू द्या. मला मात्र आता ते गाणं तसं बघताच येत नाही.

गोकुळपेठ_गृहिणी

😔 सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "गीता बालीसारखं हसणं कुणाला जमलं नाही." कवायतीचा विषय काढला नाही.

नंदिनी_धरमपेठ

बरं, आता यादी. क्रम असा ठरवलाय: सुरुवात 'रॉयल वेडिंग' (मुलं जागी असतील), मग 'शोला जो भडके', 'बुगडी', 'गाइड'मधला सापाचा नाच, निकोलस बंधू, 'जान पहचान हो', पावसातला जीन केली, 'होठों में ऐसी बात'. 'मुगल-ए-आझम' आणि 'नवरंग' वेळ उरला तर. बर्कलीचा एक तुकडा घेतलाय, स्पष्टचरावांना मान देऊन. शेवटी पुन्हा 'अलबेला'तलं 'भोली सूरत', म्हणजे लोक उठून नाचतील.

दोन अडचणी आहेत. एक, रात्री 10 नंतर आवाज बंद करावा लागेल, खालच्या मजल्यावर दहावीचा मुलगा आहे. दोन, माझ्याकडे ब्लूटूथ स्पीकर आहे आणि चाचणी घेतली तेव्हा टॅपचा (बुटांनी ठेका वाजवत नाचतात त्याचा) आवाज पायाच्या मागे येतोय.

कथक_विद्यार्थिनी

पहिलीसाठी: 10 नंतर आवाज बंद करून निकोलस बंधू लावा. गंमत नाही, खरंच सांगते. आमच्याकडे कधीकधी तबला बंद करून नाचायला लावतात. आवाज काढून घेतल्यावरही लय दिसत राहिली तर तो नाच. आणि अमेरिकन टॅपचा आवाज असाही बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत भरलेला असायचा, त्यामुळे मुकं बघण्यात पाप नाही. हिंदीतली किती गाणी या परीक्षेत टिकतात ते बघायला मला आवडेल.

मी_स्पष्टच

ही कसोटी मात्र मान्य. अख्खं शरीर, कापाकापी वगैरेपेक्षा बरी आहे. बर्कली टिकतो हेही लक्षात घ्या.

महालचे_आजोबा

दुसरीसाठी: माझा लूपचा आजार तुमच्या ब्लूटूथला लागलाय. बिनतारी स्पीकरला आवाज पोहोचायला थोडा वेळ लागतोच, गाण्यांना चालतं, नाचाला चालत नाही. साधी वायर लावा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून थेट ॲम्प्लिफायरला. पडदा पूर्वेला लावू नका, चंद्र तिकडूनच वर येणार, नजर पडद्यामागे त्याच्याकडे जाते. चंद्र बघणाऱ्यांच्या पाठीमागे राहू द्या, पण मग चादर पातळ नको, दुहेरी घ्या. प्रोजेक्टर टेबलावर ठेवून त्याच्यापुढे कुणाला नाचू देऊ नका, मुलं हमखास सावली पाडतात.

वऱ्हाडी_ठसका

आजोबा, सावली पडू द्या ना. 'भोली सूरत' लागल्यावर प्रोजेक्टरपुढे कोन थांबन?

महालचे_आजोबा

मग प्रोजेक्टर पाण्याच्या टाकीवर चढवा. आणि वायर चिकटपट्टीने गच्चीला नीट चिकटवा, पायात येईल.